काचेतला ओवसा

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. घाटातलं वळण, लिफ्ट मागणारी बाई, मागे बघितलं तर सीट रिकामी... वाचायचं, हसायचं आणि झोपायचं. महाडच्या कोर्टाबाहेर टाइपिंगचं टेबल टाकून मला जमाना झाला. माणसं शपथेवर किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलतात ते रोज बघते. त्यामुळे भुताखेतांची मला कधी गरजच वाटली नाही.

तरी लिहायला बसलेय. घाबरलेय म्हणून नाही, चिडलेय म्हणून. गणपती होऊन गेले, दिवाळी होऊन गेली, तरी माझा राग काही जात नाही. आणि तो कोणावर काढायचा तेही धड कळत नाही. म्हणून इथे काढते.

गोष्ट माझ्या इंदूआत्याची आहे. माझ्या वडिलांची बहीण. आमचं गाव पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाट चढायला लागायच्या जरा आधी. आत्याचं लग्न झालं ते दासगावकडच्या एका घरात. नवरा काशिनाथ, मुंबईला नोकरीला. लग्न झालं वैशाखात आणि भाद्रपदात गौरी आल्या.

आमच्याकडे गौरीला ओवसा असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवी सून सुपं भरते... भोपळीच्या पानांवर काकडी, फळं, सुपारी, खोबऱ्याची वाटी, तेरड्याची फुलं, सुपाला हळद लावलेलं सूत गुंडाळलेलं. ती सुपं सासरच्या गौरीसमोर ओवाळायची आणि मग सासरच्या वडीलधाऱ्यांना आणि नवऱ्याला एकेक द्यायची. त्यांनी सूप घेतलं, पुरुषांनी डोक्यावर टोपी घालून, की ती त्या घराची झाली. लग्नात अक्षता पडतात ते वेगळं आणि हे वेगळं. पण पहिला ओवसा कुठल्याही वर्षी होत नाही. पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असताना गौर यायला लागते. नाही आली तर थांबायचं, पुढच्या वर्षी बघायचं.

आत्याच्या पहिल्या वर्षी पूर्वा नव्हती. सासू म्हणाली, थांब. आत्या थांबली. माहेरून पाच नवी सुपं नेली होती, त्यांच्या कडांना तिने आपल्या लग्नातल्या लाल साडीची पट्टी कापून शिवली. एवढं एकच काम तिने त्या घरात स्वतःसाठी केलं असेल. पुढच्या शिमग्याला काशिनाथ मुंबईहून आला तो दुसरी बाई बरोबर घेऊन. आत्याला कोणी हाकललं नाही म्हणे. नुसतं तिच्याशी बोलायचं बंद केलं. पावसाच्या तोंडावर ती पाच सुपं डोक्यावर घेऊन माहेरी आली, ती कायमची.

तेव्हापासून ती सुपं आमच्या माळ्यावर. भात पाखडायला कधी कोणी काढली नाहीत, तिने काढू दिली नाहीत. पूर्वेची गौर असेल त्या वर्षी ती सुपं खाली घ्यायची, ओल्या फडक्याने पुसायची, उन्हाची तिरीप आली तर त्यात ठेवायची आणि संध्याकाळी परत वर. आमच्या घरात गौर नसते, दीड दिवसाचा गणपती फक्त. आणि असती तरी माहेरच्या गौरीला सुनेचा ओवसा चालत नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "आत्या, मग पुसतेस कशाला?" ती म्हणाली, "धूळ बसते गो." बस. एवढंच.

आता माझा धाकटा भाऊ प्रशांत. बोटीवर नोकरी केली, जग फिरला, नोकरी सोडून गावी आला आणि त्याच्या डोक्यात खूळ शिरलं म्युझियमचं. तिकडे युरोपात एका जुन्या शहरात त्याची बोट लागायची, कालव्यांचं शहर. तिथे म्हणे गल्लीगल्लीत छोटी छोटी म्युझियम्स. ते शहर मीही बघितलंय, माझी मुलगी नेहा तिथेच असते. गेल्या वर्षी मला घेऊन गेली तेव्हा आम्ही दोघी दुसरं काही न करता तीच बघत हिंडलो. मला मोठी म्युझियम्स झेपत नाहीत, पाय दुखतात आणि मन भरत नाही. पण ही छोटी... कालव्याच्या कडेला चिंचोळं घर, शिडीसारखा जिना, वर दोन खोल्या. एका घरात नुसते कोळ्यांच्या बायकांनी विणलेले स्वेटर. एका घरात बिस्किटांचे लाकडी साचे. एकीकडे नुसत्या रंगवलेल्या फरश्या.

मला खरंच आवडलं. कारण प्रत्येक वस्तूखाली करणारीचं नाव होतं. स्वेटर अमुक बाईने विणला, तिच्या अमुक मुलासाठी. एका ठिकाणी आम्ही असतानाच एक म्हातारी आली आणि काउंटरवरच्या बाईने खण उघडून एक भरतकामाचा एप्रन बाहेर काढून तिच्या हातात दिला. नेहाने विचारलं तेव्हा कळलं, त्या म्हातारीच्या आईचा एप्रन. ती अधूनमधून येते, हातात घेऊन बसते, परत देते. मला ते फार बरं वाटलं.

प्रशांतने काय केलं? आमच्या घराची पुढची पडवी बंद केली, फोकस लाइट लावले, बाहेर बोर्ड लावला. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबतात, तिकीट काढतात, कोकम सरबत पितात, जात्याशेजारी बसून फोटो काढतात. नांगर, इरलं, मासे धरायच्या टोपल्या, ढोल... अख्ख्या वाडीतून गोळा केलेलं. खाली पाट्या. कोणाचंही नाव नाही. सगळीकडे एकच, 'पारंपरिक'. इरलं विणणारा गणूकाका दोन घरं सोडून राहतो, जिवंत आहे, चालता फिरता आहे. त्याच्या इरल्याखाली लिहिलंय 'लुप्त होत चाललेली कला'. गणूकाका मला म्हणाला, "नंदे, मी कवा लुप्त झालो?"

तर, गणपतीच्या आधी आत्या ओट्यावरून घसरली आणि मांडीचं हाड गेलं. महाडमधल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी महाडमध्येच राहते, त्यामुळे डबा, औषधं, रात्री सोबत, सगळं माझ्याकडे. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल?

"नंदे, यंदा पूर्वा हाय ना गो?"

"आहे."

"सुपं खाली काढ. मना काय आता जमत नाय. पुसून ठेव तेवढी."

मी रविवारी गावी गेले. माळ्यावर चढले. सुपं नाहीत. प्रशांतला हाक मारली तर तो म्युझियममधून म्हणाला, "ताई, इकडे ये, सरप्राइज आहे."

सरप्राइज. पडवीच्या मधल्या भिंतीला त्याने काचेची भली मोठी पेटी बनवून घेतली होती. आत गौर. लोखंडी स्टँड, त्यावर फायबरचा मुखवटा, नऊवारी, नथ, सगळं. आणि तिच्यासमोर पाटांवर मांडलेली आत्याची पाच सुपं. लाल पट्टीसकट. त्यात प्लास्टिकची सफरचंदं, प्लास्टिकची केळी, प्लास्टिकची द्राक्षं. सुपांना सूतही गुंडाळलेलं, युट्यूबवर बघून. खाली पाटी, 'ओवसा. न वापरलेली दुर्मीळ सुपं.'

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पशा, ही का वापरलेली नाहीत ते तुला माहीत नाही?"

"माहीत आहे ना. म्हणून तर कंडिशन बघ केवढी चांगली आहे."

असं म्हणाला तो. शब्द न् शब्द हेच. लहानपणी त्याच आत्याने याला आंघोळी घातल्या, भरवलं, आई शेतावर असताना कडेवर घेऊन फिरली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "तिकडून नुसती काच उचलून आणलीस. रीत तिकडेच ठेवलीस. आत्ता उघड आणि सुपं दे."

तो म्हणाला, उघडत नाही. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून कडा सिलिकॉनने बंद करून घेतल्यात, हवासुद्धा जात नाही, उघडायची तर पनवेलहून माणूस बोलवावा लागेल आणि सीझन गेला की बघू. "आणि ताई, आत्याला काय कळणार आहे? ती तर पडलीय."

मी नोटीस पाठवीन म्हणाले. तो म्हणाला, टाइप तूच कर, स्वस्तात पडेल. मी गाडीला किक मारून निघाले आणि कापडे गावापर्यंत एकटीच मोठ्याने भांडत आले.

दवाखान्यात आत्याने विचारलं, "काढलीस?"

काय सांगणार होते? म्हटलं, "गौरीसमोर ठेवलीत."

"कोणच्या गौरीसमोर?"

"आपल्याच घरी. पशाने बसवलीय यंदा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भरली का नाय?" मला प्लास्टिकची सफरचंदं आठवली. म्हटलं, "तू भर बरी झालीस की." तिने हात उशीखाली घेतला आणि डोळे मिटले.

गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी मी तिला चहा-बिस्किट देऊन घरी गेले. दुपारचा डबा करत होते तेवढ्यात प्रशांतचा फोन. आवाज चढलेला.

"ताई, तू येऊन गेलीस?"

"कुठे?"

"नाटक करू नकोस. पाचवं सूप कुठे आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा म्हटलं, कोणीतरी चोरलं, बरं झालं, देव आहे म्हणायचा. पण तो चोरीबद्दल बोलत नव्हता. तो नुसतं म्हणत होता, तू ये, आत्ता ये. त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून डबा शेजारणीकडे दवाखान्यात पोचवायला दिला आणि गेले.

मी जे बघितलं ते जसंच्या तसं लिहिते. मी अर्ज लिहिणारी बाई आहे, पदरचं घालत नाही.

काच जागेवर. मी चारही कडांवरून बोट फिरवलं. सिलिकॉन अखंड, कुठे ओरखडा नाही. मागे भिंत, दगडाची. वर प्लायवूड, स्क्रूंवर रंग मारलेला, तो रंगही तसाच. आत फायबरची गौर. आणि तिच्यासमोर चार सुपं. पाचव्याचा पाट रिकामा. त्या चार सुपांत भोपळीची पानं, ताजी. पानांवर पाण्याचे थेंब. काकडी, सुपारी, खोबऱ्याची वाटी, जांभळा तेरडा. त्याने गुंडाळलेलं सूत होतं कसंतरी गबाळं, ते आता नीट होतं, एकसारखं, हळद लावलेलं, आमच्याकडच्या बायका गुंडाळतात तसं. आणि ती प्लास्टिकची फळं एका कोपऱ्यात रचून ठेवलेली. फेकलेली नव्हती. केर काढताना आपण कोणाची तरी वस्तू बाजूला ठेवतो तशी ठेवलेली.

काचेला आतून वाफ धरली होती, पानांची.

एक साताऱ्याकडचं कुटुंब तिथेच उभं होतं. त्यातल्या बाईने चप्पल काढून नमस्कार केला होता. मला म्हणाली, "किती छान ताजं ठेवता हो तुम्ही रोज."

प्रशांतने काउंटरवर कॅमेरा लावलाय, लोक ढोल वाजवून पळतात म्हणून. त्याचं रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी बघितलं, पुन्हा पुन्हा बघितलं. सकाळपासून पाच सुपं, प्लास्टिकची फळं. लोक येतात, फोटो काढतात, जातात. मग ही साताऱ्याची बाई मोबाइल धरून काचेच्या अगदी पुढ्यात उभी राहते. तिच्या पाठीमुळे काही दिसत नाही. मुलगा म्हणतो, आई सरक ना. ती सरकते. सुपं चार. पानं हिरवीगार.

एवढंच. झटका नाही, अंधार नाही, काही नाही. बाईची पाठ आणि मग चार सुपं.

त्यावर माझा भाऊ मला काय म्हणाला असेल? म्हणाला, "ताई, तूच काहीतरी केलंयस. मला धडा शिकवायला." मी म्हटलं, मला काचेतून हात घालता येत असता तर आधी तुझी मानगूट धरली असती. आम्ही त्या साताऱ्याच्या लोकांसमोर कडाकडा भांडलो. भीती वाटत होती दोघांनाही, पण भांडण सोपं होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दासगावकडचा एक संदेश नावाचा मुलगा आहे, त्याच्या जमिनीच्या कागदांचे अर्ज मी टाइप करते. तो काशिनाथचा मुलगा. दुसऱ्या बाईचा. होय, मी त्याचे अर्ज करते. धंदा आहे माझा, आणि त्याने काय घोडं मारलंय?

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही आमच्याकडे सूप पाठवलंत काय?"

मी फोन स्पीकरवर टाकला.

"ओटीवर हाय. भरलेलं. आई जेवणाचं बघत होती, कोणी आलेलं दिसलं नाय. बाबा नुसते बसलेत त्याच्यापुढं. म्हणतायत पट्टी तिची हाय, तिनं माझ्यासमोर शिवलीय. ताई, तुम्ही या."

आमच्या गावापासून दासगाव म्हणजे पोलादपूर, महाड सगळं ओलांडून पलीकडे. प्रशांतच्या गाडीतून गेलो. गौरीची गर्दी, हायवेला ट्रॅफिक. मी वाटेत ठरवलं होतं की काही झालं तरी ते सूप उचलायचं आणि आणायचं. त्या माणसाच्या घरात ते एक क्षण राहता कामा नये. कोणी नेलं, कसं गेलं, ते मागाहून. डोक्यात एवढंच होतं.

काशिनाथला मी पहिल्यांदाच जवळून बघितलं. थकलेला माणूस, बनियन, गळ्यात मफलर. ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. समोर सूप. पानांवरचे थेंब अजून तसेच. आत त्यांच्या घरची गौर बसलेली दिसत होती, आरास, लाइटची माळ.

मी नमस्कार वगैरे काही केला नाही. म्हटलं, "ते इकडे द्या."

तो म्हणाला, "मी हात नाय लावला बाय. मना काय कळत नाय. काय करू सांग तू."

"काही करू नका. तुम्ही काही न करण्यात पटाईत आहात." मी वाकले आणि सूप उचलायला हात घातला.

माझा हात कोणी धरला असेल? त्या बाईने. सुलोचना नाव त्यांचं. माझ्या आत्याच्या जागी आलेल्या. पिठाचे हात तसेच घेऊन आतून आल्या आणि माझं मनगट धरलं. घट्ट.

"ओवशाचं सूप मागं नेत नाय गो," त्या म्हणाल्या.

"हा ओवसा नाही. ही चोरी आहे. हे आमच्या घरातलं सूप आहे."

"गौरीसमोर ठेवलेलं व्हतं का नव्हतं?"

मी प्रशांतकडे बघितलं. तो खाली बघत होता. कारण होतं. फायबरची का असेना, त्यानेच गौर बसवली होती, त्यानेच सुपं मांडली होती, त्यानेच सूत गुंडाळलं होतं आणि नेमकं पूर्वेच्या वर्षी. त्याला वाटलं होतं आपण देखावा करतोय.

मी ओरडायला लागले. काय काय बोलले... तुम्हाला लाज कशी वाटली नाही, एका बाईचा जन्म माळ्यावर गेला, आता तिचं सूपही पाहिजे का. आजूबाजूची माणसं गोळा झाली. संदेश मान खाली घालून उभा. काशिनाथ रडत होता बहुतेक, मला त्याचं काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

सुलोचनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझा राग खरा हाय. तो तुझा तू ठेव. पर सूप तुझं नाय."

आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "उठा. टोपी घाला आणि घ्या ते. तिनं दिलंय तुमाला. मना कवापासून वाटायचं, आज ना उद्या येनार ते."

तो उठला. टोपी घातली. दोन्ही हात पुढे केले. सुलोचनाबाईंनी सुपाला हळद-कुंकू लावलं, उचललं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने ते कपाळाला लावलं. आतल्या गौरीसमोर नेऊन ठेवलं. आणि मी... कोर्टाबाहेर भल्याभल्या वकिलांना गप्प करणारी मी... ओटीच्या पायरीवर उभी राहून बघत राहिले.

परत येताना प्रशांत एकदाच बोलला. "ताई, सॉरी." मी खिडकीबाहेर बघत होते. सावित्रीला पाणी खूप होतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. नर्स म्हणाली, आजी सकाळपासून झोपल्यात, शेजारणीने आणलेला डबा तसाच आहे, उठवलं तरी उठल्या नाहीत, पण नाडी चांगली आहे. मी आत गेले. आत्या जागी होती. पाय पट्ट्यांनी बांधून ठेवलेला, जसा होता तसा. मी तिला काही सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. तिच्याकडे मोबाइल नाही.

तिने विचारलं, "घेतलं का गो त्यांनी?"

माझ्या जिभेवर 'नाही' आलं होतं. नाही घेतलं, लाथाडलं, असं सांगावं आणि हा विषय कायमचा संपवावा. तिने त्या माणसाचं नाव परत काढू नये. खरं सांगते, आलं होतं.

"घेतलं," मी म्हटलं.

"टोपी घातलेली?"

"हो."

तिने मोठा श्वास सोडला आणि पाणी मागितलं. पेला घ्यायला हात पुढे केला तेव्हा बघितलं, बोटांची टोकं पिवळी. मी नर्सला बोलावलं, म्हटलं ऑपरेशन मांडीचं, औषध हाताला का लावलंत? ती म्हणाली आम्ही नाही लावलं. मी भांडले तिच्याशीही. बिचारी.

मग आत्यालाच विचारलं. "आत्या, सूप तिकडे कोणी नेलं?"

"ओवसा काय दुसऱ्यानं न्यायचा असतो?" ती म्हणाली, जसं काही मी अगदीच अडाणी आहे.

"मग बाकीची चार का नाही नेलीस?"

"ती सासूची, सासऱ्याची, मोठ्या दिराची, जावेची. ती मानसं गेली ना गो. कोनाला देनार?"

एवढं बोलून तिने शेजारणीचा डबा मागितला आणि सगळा संपवला. गार भात, गार आमटी. मी बाजूला बसून बघत होते. मला रडू येत होतं आणि राग इतका येत होता की दात दुखायला लागले. आयुष्यभर ज्या माणसाने तिला विचारलं नाही, त्याला ती सूप देऊन आली. माझ्याकडे न बघता, मला न विचारता. मी रात्री जागवल्या, मी नोटिशीच्या धमक्या दिल्या, मी सख्ख्या भावाशी भांडले, आणि ती त्याच्याकडे.

आता तुम्ही कॉमेंटमध्ये लिहाल, म्हणून आधीच सांगते. सिलिकॉन नंतर पनवेलहून आलेल्या माणसाने कापलं, तो म्हणाला हे एकदाही निघालेलं नाही. रेकॉर्डिंगशी कोणी काही केलेलं नाही, प्रशांतला तेवढं येत असतं तर त्याने म्युझियम काढलं नसतं. संदेशच्या घरी त्या दिवशी आमच्या आधी पोलादपूरकडून कोणी गेलं नव्हतं. आणि आत्या पलंगावरून उठू शकत नव्हती, एक्स-रे माझ्याकडे आहे. मला यातलं काहीही जुळवता येत नाही. जुळवून कोणी दिलं तर वाचीन, पण 'श्रद्धा असते ताई' असलं काही लिहू नका, माझं डोकं फिरतं.

आत्या आता काठी घेऊन चालते. घरी आली त्या दिवशी प्रशांतने पेटीतून काढलेली चार सुपं तिच्यासमोर ठेवली आणि पायाशी बसला. मला वाटलं ती आता माळ्यावर ठेव म्हणेल. तिने हातात घेऊन उलटसुलट बघितली, पानं काढून परसात टाकायला सांगितली, आणि म्हणाली, "काचेत ठेव. आता वापरून झाली."

प्रशांत म्हणाला, "खाली तुझं नाव लिहितो, आत्या. काय लिहू?" त्याला ते मी शिकवलं होतं, भांडून भांडून. तिकडे कालव्याच्या घरात लिहितात तसं लिही म्हटलं होतं. गणूकाकाचं नाव इरल्याखाली लागलंही होतं. मला वाटलं, ती आपलं माहेरचं नाव सांगेल. इंदिरा, माझ्या आजोबांचं नाव, आमचं आडनाव. आयुष्य इथेच काढलं ना तिने.

तिने नाव सांगितलं. इंदिरा काशिनाथ, आणि पुढे त्यांचं आडनाव. ते मी इथे लिहिणार नाही.

पाटी लागलीय. गावी गेले की मी पडवीत जाते आणि काचेसमोर उभी राहून ती वाचते. प्रत्येक वेळी तेवढाच राग येतो. मागच्या वेळी आत्या काठी टेकत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिने पाटीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "मोठ्यानं वाच गो एकदा."

मी वाचलं.